बिनडोळ्याचा गड्डा

माठातल्या रेतीत हात घातला आणि बोटाला काहीतरी ओलसर, टोकदार लागलं. मी हात झटकन बाहेर काढला. रात्रपाळी करून आलेल्या माणसाचं अंग तसंही स्वतःच्या ताब्यात नसतं. कानांत टर्बाइनचा आवाज घुमत असतो, तळपायांखालची जमीन थरथरल्यासारखी वाटते, आणि क्वार्टरचं कुलूप उघडलं तरी आपण घरी आलो की अजून कंट्रोल रूममध्येच आहोत हे नक्की होत नाही. त्यात हे. आधी वाटलं गोम असेल, मग वाटलं उंदराचं पिल्लू. एका हातात चप्पल घेऊन मी माठासमोर उकिडवा बसलो आणि दुसऱ्या हाताने रेती हळूहळू बाजूला करू लागलो. कोंब होता. पांढरट, टोकाला जरासा गुलाबी, करंगळीएवढा. त्याच्या शेजारी आणखी एक. रेती उपसत गेलो तसे ते निघतच गेले, जवळजवळ प्रत्येक गड्ड्याला एक, काहींना दोन. बाहेर एप्रिलचं ऊन सकाळीच चटके द्यायला लागलं होतं, ऊर्जानगरची झाडं राखेने भुरकी होऊन उभी होती, आणि इथे माझ्या पलंगाशेजारी, कूलरच्या वाऱ्यात, डेलियाचे गड्डे पावसाळा आला असं समजून जागे झाले होते. मी चप्पल खाली ठेवली. हे आता कांताला काय सांगायचं?

कांता म्हणजे माझी बायको. जाताना तिने बजावलं होतं की माठ मागच्या अंगणात, टाकीखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, मधूनच हात घालून एखादा सडला असेल तर काढून टाका, आणि बाकी विसरून जा. विसरून जा हे तिने दोनदा म्हटलं. बाकी सगळं मला जमलं असतं. मार्चच्या मध्यावरच यंदा असं तापलं की मी कूलर काढला, वाळ्याच्या ताट्या भिजवल्या, आणि पहिल्याच दुपारी त्या वासात आडवा झालो तेव्हा लाज वाटली. आपण इथे गारेगार लोळायचं आणि तिचे गड्डे तिकडे भिंतीच्या उकाड्यात शिजायचे! उठलो, माठ उचलून आणला आणि कूलरच्या थेट समोर ठेवला, घरी आलेल्या पाहुण्याला चांगली खुर्ची द्यावी तसा. पलंगाच्या त्या बाजूला काहीतरी असावं, हेही मनात होतंच. झोपेत हात पडला तर माठाच्या थंड पोटाला लागायचा, आणि बरं वाटायचं.

हे गड्डे मुळात आमचे नव्हतेच. आमच्या आधी या क्वार्टरमध्ये एक बंगाली कुटुंब होतं, त्यांच्या बाईंनी ते कुंपणाशी लावलेले. आम्ही आलो त्या हिवाळ्यात फुलं आली ती ताटाएवढी, गर्द लाल. लोक सायकलवरून उतरून बघायचे. दुसऱ्या वर्षी बशीएवढी आली. तिसऱ्या वर्षी नुसते देठच देठ, लांबुडके, एकमेकांत घुसलेले, वाऱ्याने भुईसपाट होणारे, आणि टोकाला शर्टाच्या बटणासारखी फुलं. कांता म्हणायची, खणून काढू, वेगळे करू. मी म्हणायचो राहू दे. का राहू दे, ते मलाही नीट माहीत नव्हतं. आमच्या गावी, मूलकडे, माझ्या काकांनी आणि वडिलांनी वेगळं व्हायचं ठरवलं तेव्हा मी लहान होतो. भांडण झालं नव्हतं, कुणी आवाजही चढवला नव्हता. फक्त एके सकाळी अंगणात दुसरी चूल मांडली गेली, आणि आजी दिवसभर दोन्ही चुलींकडे पाठ करून बसली. तेव्हापासून एकत्र असलेली कुठलीही गोष्ट तोडायची म्हटलं की मला ती दुसरी चूल दिसते. मी कांताला म्हणालो, "एवढं छान जमलं आहे, कायले तोडते?" ती वाकून त्या देठांच्या जंगलात बघत होती. म्हणाली, "जमलं नाई जी. गुदमरून राह्यलं."

मग तिची ऑर्डर आली. डी.एड. तिने लग्नाआधीच केलं होतं, सेवायोजन कार्यालयात नाव होतं, पण गडचिरोली जिल्हा नवा झाला, तिकडच्या शाळांना मास्तर मिळेनात, आणि वैनगंगेपलीकडच्या कुसुमटोल्यात तिची नेमणूक निघाली. तिने कागद माझ्यासमोर ठेवला आणि चहा करायला गेली. कांता कधी वाद घालत नाही. ती गोष्ट समोर ठेवते आणि चहा करायला जाते. दोन दिवस तो कागद तिथेच पडून होता. प्लांटवर सोबतचा पत्रू म्हणाला, "काऊन बे खुशाल, बायको गडचिरोलीले आन तू इथी पोळ्या लाटत बसशीन?" सगळे हसले, मीही हसलो, आणि घरी येऊन म्हणालो की परीक्षा होईपर्यंत बघू, नाही जमलं तर राजीनामा. ती म्हणाली, "बरं." नाही जमलं तर म्हणजे कुणाला नाही जमलं, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

जायच्या आधीच्या रविवारी तिने देठ वीतभर ठेवून छाटले आणि सब्बल, लोखंडी पहार, घेतली. मी पायरीवर बसून होतो, रुसलेला. तिने बुंध्यापासून चांगलं हातभर लांब, गोल रेघ ओढावी तसं खणत नेलं, कुठेही घाई नाही, आणि मग सब्बल खाली घालून साऱ्या अंगाचा भार तिच्यावर टाकला. जमीन फुगली, तडकली, आणि तो गड्डा वर आला. तोवर मी कल्पनाच केली नव्हती की खाली एवढं असेल. माणसाच्या मिठीत मावणार नाही एवढा घोस, एकावर एक, एकमेकांना दाबून चपटे झालेले, मधले काळे पडून कुजलेले, आणि वरून बटणाएवढी फुलं! बादलीभर पाणी ओतून तिने तो धुतला. मग अंगठ्याने एकेक दाबून बघायला बसली. मऊ लागला की बाजूला, कडक लागला की हलकेच बोटाने मान चाचपायची. तिच्या आईच्या परसात हळद असायची, त्यामुळे गड्ड्यांची तिला भीती नाही. माझ्या पेटीतलं हॅकसॉ ब्लेड तिने न विचारता काढलं, त्याला फडकं गुंडाळलं, आणि त्या लाकडासारख्या टणक खोडाला लावलं. कापायच्या आधी ती थांबायची. गड्डा उजेडात फिरवायची, पुन्हा फिरवायची, जणू त्यालाच विचारते आहे की कुठून. आणि मग एकदाच, सरळ. कापलेल्या जागी चुलीतली राख. मी पायरीवरून कधी उठलो आणि तिच्याजवळ कधी जाऊन बसलो मला कळलं नाही. रुसायचं राहूनच गेलं. कोपरापर्यंत चिखल, कपाळावर आलेली बट मनगटाने मागे सारण्याची ती लकब, आणि तोडण्याच्या कामात एवढी माया! प्लांटमध्ये मी मोठमोठे इंजिनिअर मशीन खोलताना बघितले आहेत, पण कुणाचे हात बघून माझा श्वास असा मंद झाला नव्हता.

"पाहा जी," ती म्हणाली. मानेवर सुईच्या टोकाएवढा फुगवटा. "हा डोळा. डोळा ज्याच्याजवळ हाये तो उगवते. बाकी कितीबी लठ्ठ असो, नुसता पडून राह्यते." तिने दोन वाटे केले, अर्धे माझे, अर्धे तिचे. पाणी गार करायचा बंद झालेला माठ आणला, त्यात इरई नदीची रेती, मुठीत धरली तर गोळा होणार नाही इतकीच ओली, आणि गड्डा गड्ड्याला लागणार नाही असे थर. बिनडोळ्यांचा ढीग वेगळा पडला होता, फेकायला. त्यातला एक सगळ्यात मोठा होता, गोरापान, धडधाकट, कुठे डाग नाही. असा कसा फेकायचा? ती हात धुवायला गेली तेव्हा मी तो माठाच्या तळाशी खुपसून दिला.

आता तो तळाशीच होता, जसाच्या तसा. बाकी सगळे उठले होते आणि हा मात्र निवांत. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसलो. मग मनात आलं, ठीकच झालं. आता निघायचं, माठ तिच्यासमोर ठेवायचा आणि म्हणायचं, बघ, तू नाहीस तर इथे काही धड राहत नाही. नाही जमलं. परीक्षा झाली की राजीनामा दे आणि परत चल. वाक्य मनात जुळलं आणि बरं वाटलं. माठाला फडकं बांधलं, दोन दिवसांची रजा टाकली आणि न झोपताच बस धरली.

बसमध्ये गर्दी होती, पण मी चढताच एका म्हाताऱ्याने उठून मला जागा दिली. मला नवल वाटलं. माठ मांडीवर घेऊन बसलो तर शेजारची बाई अंग चोरून सरकली आणि डोक्यावर पदर घेतला. कंडक्टर नेहमी वसकन अंगावर येणारा, त्याने तिकीट हळू आवाजात दिलं. मूलचं स्टँड गेलं, भाताच्या गिरण्या गेल्या, भातशेतांच्या ओसाड बांध्या उन्हात पांढऱ्याफटक पडल्या होत्या, आणि मी पेंगत होतो. पेंगताना दोन्ही हात माठाभोवती घट्ट. सावली गावच्या थांब्यावर म्हातारा वाकून म्हणाला, "कोन होतं जी?" मी झोपेत म्हणालो, "घरचेच." त्याने मान हलवली. "लय दिवस आजारी होते?" तेव्हा माझी झोप उडाली. फडकं बांधलेला माठ, न झोपलेले लाल डोळे, आणि गाडी वैनगंगेकडे चाललेली. हे सगळे मला राख सोडायला निघालेला समजत होते. खरं सांगायला तोंड उघडलं, पण एवढ्या लोकांनी एवढं दुःख केल्यावर आत डेलिया आहे हे कसं सांगायचं? मी मान खाली घातली. तर कपाळाशी माठ आलेला, आणि मला खरंच वाटायला लागलं की आपण काहीतरी सोडायला निघालो आहोत. मग पूल आला. ड्रायव्हरने माझ्यासाठी गाडी हळू केली. सगळी बस माझ्याकडे बघत होती. मी उतरलो नाही. नदीचं पात्र अर्ध्याहून जास्त नुसती रेती होतं, आणि आम्ही ते ओलांडून गेलो, आणि म्हाताऱ्याने गडचिरोलीपर्यंत परत माझ्याकडे पाहिलं नाही.

गडचिरोलीहून दुसरी गाडी, मग फाट्यापासून पायी. आणि त्या पायवाटेवर मला कळलं की कानांतला टर्बाइनचा आवाज थांबला आहे. तो रोज असतो हे थांबल्यावर समजलं. मोहाचा जड, गोडसर वास होता, सागाची वाळलेली पानं पायाखाली चुरत होती, आणि लांबून एक बाईचा आवाज येत होता, खणखणीत, पोटातून काढलेला. पाढे म्हणत होती आणि पोरं तिच्यामागे ओरडत होती. आवाज चांगला आहे, असं माझ्या मनात आलं, परक्या बाईबद्दल यावं तसं. शाळेची एक खोली आणि पुढे पडवी, पडवीत मोहफुलांच्या टोपल्या ओळीने ठेवलेल्या. पोरं पहाटे मोह वेचून तशीच शाळेत आलेली. मी चिंचेआड उभा राहून बघितलं तर ती कांता होती. घरी तिचा आवाज स्वयंपाकघराच्या बाहेर येत नाही! इथे ती पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती, पाठ ताठ, पदर कमरेला खोचलेला, आणि एक पोर चुकलं की थांबायची, त्याच्याकडे निरखून बघायची, आणि मग एकच काहीतरी हळू बोलायची की त्याला पुढचं येऊन जायचं. ते बघणं मी ओळखत होतो. गड्डा उजेडात फिरवताना ती तशीच बघायची. माझे डोळे भरून आले, आणि त्यात रात्रपाळीचा काही संबंध नव्हता. मला तिचा इतका अभिमान वाटला की वाटेत घोकत आणलेलं वाक्य मागे पडलं. तरी मी ते टाकलं नाही. एवढ्या लांब आणलेलं होतं.

शाळा सुटल्यावर तिने मला पाहिलं. "अजी! तुमी इथी कसे?" मग तिची नजर माठावर गेली आणि चेहरा उतरला. "काय झालं?"

"उगवले," मी म्हणालो.

तिने फडकं सोडलं. वरची रेती बाजूला केली. एका कोंबाचं टोक बोटाने उचलून बघितलं. "कुठी ठेवलं होतं?"

"कूलरसमोर."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिचे ओठ हलले आणि ती पडवीच्या पायरीवर बसून हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अजी, गड्डे होते ना ते! साहेब होते का? कूलर लावून दिला त्यायले!" मीही हसलो. दीड महिन्यात मी असा हसलो नव्हतो. हसता हसता विचारलं, "आन तुझे?"

तिचं हसू थांबलं. तिने माठाच्या काठावरून बोट फिरवलं. "माझे खाल्ले," ती म्हणाली.

तेवढ्यात ठमाबाई पाण्याचा गडू घेऊन आल्या. कांताने त्यांच्याकडेच भाड्याने खोली घेतली होती. केस पांढरे, हातांवर गोंदण, आणि आल्या आल्या पदर सावरून मला म्हणाल्या, "या जवाईबापू. आमची बाई सुकून गेली बगा इथी, शिकवू शिकवू." मग त्यांनी माठात डोकावलं आणि तोंडाला पदर लावला. "अरे देवा. अजून आनले का? जवाईबापू, मले का मालूम जी? बाईनं पिशवीत रेती भरून हे कांदे आनले, मले वाटलं असतीन माहेरचे मटारू, उकडून खायाचे. बाई पयल्या दिवशी शारेतून थकून आली, म्या सारेच्या सारे उकडून ठेवले. बाईनं पोटभर खाल्लन, आन म्हनली, चांगले झाले. मंग धा दिवसानं मले दुसरी मास्तरीन सांगते का ते फुलाचे होते म्हून!" त्या हसत होत्या, पण डोळ्यांत अपराधी भाव होता, आणि कांताने त्यांचा हात धरला होता.

मी ते दृश्य मनात बघत होतो. पहिला दिवस, परकं गाव, अंधारून येणारी खोली, आणि समोर ताटात ते गड्डे, जे तिने स्वतःच्या हातांनी कापून, राख लावून, सुकवून आणले होते. पहिल्या घासालाच तिला कळलं असणार. समोर ही बाई वाट बघत उभी, पाहुणीला आवडतं का म्हणून. आणि कांता खात राहिली. एकही शिल्लक ठेवला नाही, कारण शिल्लक ठेवला असता तर कारण सांगावं लागलं असतं. मला कळवलं नाही, कारण मला वाटलं असतं की हे पहिल्याच दिवशी झालेलं 'नाही जमलं'. असं माणूस माझ्या घरात इतकी वर्षं चहा करत होतं.

"आता यांले परत झोपवता येत नाई," कांता कोंबांकडे बघून म्हणाली. तिने सगळे काढून पदरात घेतले आणि आम्ही हातपंपाकडे गेलो. सांडलेल्या पाण्याने तिथली माती काळी, ओली होती आणि वर चिंचेची सावली. ती खड्डे करत गेली, मी एकेक हातात देत गेलो, कोंब वर धरून. "मरतीन काई," ती म्हणाली. "सारे नाई मरत." शेवटी माझ्या हातात तो एकच राहिला, गोरापान, गुळगुळीत. तिने घेतला, मान चाचपली, आणि माझ्याकडे बघितलं. "हा कसा आला? मी तर काढून टाकला होता."

"लय चांगला दिसत होता," मी म्हणालो. "टाकवला नाई."

तिने तो ठमाबाईंच्या हातात दिला.

आम्ही अंगणात बसलो. उन्हं कलली होती, मोहाचा वास आता उंबऱ्यापर्यंत आला होता. ठमाबाईंनी तो उकडून, साल काढून, फोडी करून पितळी ताटलीत माझ्यासमोर आणून ठेवला, आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. कांता माझ्याशेजारी बसली होती, हाताची माती अजून तशीच. ती हळूच म्हणाली, "सांगा ना जी. काईतरी बोलाले आलते तुमी. माठासाठी कोनी रजा टाकत नाई."

मी ताटलीकडे बघितलं. किती वर्षं जमिनीत पडून होता, इतरांच्या मधोमध, पोसलेला, आणि कुठेही जायचं नाही म्हणून निवांत. पंपाजवळ त्याच घोसातले बाकीचे ओल्या मातीत उभे होते.

"मीठ दे थोडं," मी म्हणालो. "आन राजीनाम्याचं मी बोललो होतो ना, ते सोड. जूनमंदी शाळा सुरू झाली का येतो मी, किती जगले ते पाहाले."

कांता उठली नाही. तिने माझ्या गुडघ्यावर मातीचा हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. मीठ ठमाबाईंनी आणलं.

"कसा झाला, जवाईबापू?" त्यांनी विचारलं.

"चांगला झाला," मी म्हणालो. काही विशेष चव नव्हती, पाणचट आणि जरा कडवट. मी सगळा खाल्ला.